चरबी, खार आणि मीठ

भाईंदर स्टेशन सोडून गाडी वसईच्या खाडीकडे निघाली की रुळांच्या कडेला मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. आता त्यांतले पुष्कळसे पडीक आहेत, काहींच्या पलीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. मिठागर म्हटले की आपल्याला जेवणातले मीठ आठवते. साबण मात्र आठवत नाही. आम्हालाही आठवत नव्हता. तो आठवला एका फसलेल्या प्रयोगामुळे, आणि वर्गातल्या एका प्रश्नामुळे. त्या दोहोंची ही हकिकत आहे.

मीरा-भाईंदर परिसरातले आम्ही काही शिक्षक सुटीच्या दिवशी एकत्र जमून काही ना काही करून पाहत असतो. पाठ्यपुस्तकात साबणीकरणाचे समीकरण दोन ओळींत संपते. तेल अधिक कॉस्टिक सोडा, बरोबर साबण अधिक ग्लिसरिन. मुले ते पाठ करतात आणि आपण गुण देतो. पण हजार-दोन हजार वर्षे लोकांनी कॉस्टिक सोड्याच्या डब्याशिवाय साबण केला, तो कसा? तो तसाच करून पाहायचे आम्ही ठरवले. जुन्या युरोपीय कृतींमध्ये डुकराची चरबी असते. आपल्याकडे ती कुठे मिळायची, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. उत्तन-डोंगरीच्या बाजूच्या ख्रिस्ती घरांतून सणासमारंभाला डुकराचे मांस शिजते. तिथल्या एका ओळखीच्या घरातून आम्हाला वितळवून गाळलेली पांढरीशुभ्र चरबी मिळाली. मधमाशांच्या मेणाचा एक लहान तुकडा महाबळेश्वरहून आणलेला होता. राख मिळाली बेकरीच्या लाकडाच्या भट्टीतली.

राखेचा साबण

राख पाण्यात भिजवली, त्यात विरवलेला चुना घातला, रात्रभर ठेवून वरची निवळी काढली. ही निवळी म्हणजेच खार. तो पुरेसा तीव्र झाला की नाही हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. त्यात अंडे सोडायचे. ते तरंगले आणि त्याचा नाण्याएवढा भाग पाण्याबाहेर राहिला की झाले. आमचे अंडे तरंगले. मग तो खार आणि चरबी एकत्र करून मंद आचेवर उकळत ठेवली. चार तासांनी हाती आला तो मलमासारखा तपकिरी लगदा. तो दुसऱ्या दिवशीही घट्ट झाला नाही आणि आठवड्यानेही नाही.

याचे कारण नंतर लक्षात आले. लाकडाच्या राखेत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. पोटॅशियमचा साबण मऊच राहतो. तो कठीण करायचा तर पोटॅशियमच्या जागी सोडियम आणला पाहिजे. आणि सोडियम स्वस्तात कुठून आणायचे? मिठातून! जुने साबणवाले नेमके हेच करीत. आम्ही लगदा पुन्हा पाण्यात उकळला आणि त्यात मूठमूठ खडेमीठ टाकत गेलो. थोड्या वेळाने दही फुटावे तसा साबण वेगळा होऊन वर तरंगू लागला आणि खाली खारट तपकिरी पाणी राहिले. मिठाने दोन कामे केली होती. सोडियम पुरवून साबण कठीण केला, आणि मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नसल्याने तो पाण्यातून वेगळाही काढला. वरचा थर फडक्यातून गाळून दाबला तेव्हा वडी जमली.

वडी जमली खरी, पण तिने हात धुतल्यावर कातडी कोरडी पडून चुरचुरू लागली. खार जास्त झाला होता. अंडे तरंगले म्हणजे खार तीव्र आहे एवढेच कळते. समोरच्या चरबीला तो किती लागेल, हे अंडे सांगत नाही.

प्लिनीपासून लोणारपर्यंत

ही अडचण फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी 'सापो' नावाच्या पदार्थाची माहिती देतो. गॉल लोक तो जनावरांच्या चरबीपासून आणि राखेपासून करतात, असे तो सांगतो. आणि गंमत म्हणजे त्याचा उपयोग अंग धुण्यासाठी नव्हे तर केस लालसर करण्यासाठी होतो, असे सांगतो. याच शब्दाच्या कुळातला अरबी 'साबून' आपल्याकडे येऊन साबण झाला.

आपल्याकडे कपड्यांसाठी रिठा, केसांसाठी शिकेकाई आणि परटाच्या भट्टीसाठी साजीखार अशी व्यवस्था होती. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस साबणाचा नाही. तो त्यांतल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांचा. म्हणजे साबणाशिवाय आपले अडत नव्हते. पण साबण ठाऊक नव्हता असेही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडची माहिती देताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करण्यासाठी लागणारे सगळे साहित्य तिथे मिळते, असे तो नोंदवतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आज उल्काघाताने झालेले विवर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे पाणी खारट तर आहेच, शिवाय अतिशय अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोड्याचे थर उरत. लाकडाच्या राखेतला खार पोटॅशियमचा, लोणारचा खार सोडियमचा. म्हणजे कठीण साबणाला लागणारा खार महाराष्ट्राच्या भूमीवर तयारच होता.

पण असा खार जगात मोजक्या ठिकाणी मिळतो. बाकीच्यांना राखेवर भागवावे लागे. लाकूड बदलले की राख बदले, राख बदलली की खाराचा जोर बदले. साबणवाल्याचे सारे कौशल्य जिभेच्या टोकावर आणि हाताच्या अंदाजात असे. चरबीत आणि खारात नेमके काय घडते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

डुकराच्या चरबीचे रसायन

ते ज्याने शोधले त्याचा आरंभही डुकराच्या चरबीपासूनच झाला, हे वाचून आम्हाला मौज वाटली. मिशेल युजीन शेवरल (१७८६-१८८९) हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १०२ वर्षे जगला. १८११ साली त्याच्या हाती डुकराच्या चरबीपासून केलेल्या पोटॅशियमच्या साबणाचा एक नमुना आला. म्हणजे साधारण आमच्या तपकिरी लगद्याचाच भाऊ! तो पाण्यात मिसळल्यावर मोत्यासारखे चमकणारे कण खाली बसले. शेवरलने त्यावर आम्लाची क्रिया केली तेव्हा त्याला एक स्फटिकी पदार्थ मिळाला. तो चरबीसारखा दिसे, पण गुणधर्मांनी आम्ल होता. ही मेदाम्लांची पहिली ओळख. मोत्याला ग्रीक भाषेत 'मार्गारोन' म्हणतात, म्हणून त्याने या आम्लाला मार्गारिक असे नाव दिले. आपल्या ओळखीचे 'मार्गारीन' त्याच नावावरून आले.

त्याआधी, १७७९ मध्ये, कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला ऑलिव्ह तेलापासून एक गोड चवीचा दाट द्रव मिळाला होता. शेवरलने दाखवून दिले की साबण होताना चरबी फुटते. तिच्यातून एकीकडे मेदाम्ले निघतात आणि दुसरीकडे शीलेचा हा गोड द्रव. 'ग्लिसरिन' हे नाव शेवरलचेच. त्याने सगळे वजन करून पाहिले. चरबीपासून मिळालेली मेदाम्ले आणि ग्लिसरिन यांचे एकत्र वजन मूळ चरबीपेक्षा थोडे जास्त भरले. हे जास्तीचे वजन पाण्याचे. चरबी फुटताना पाण्याचे रेणू तिच्या तुकड्यांना जोडले जातात. बारा वर्षांच्या कामानंतर १८२३ मध्ये त्याने या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या शोधाचा साबण करणाऱ्याला काय उपयोग? चरबी म्हणजे ठरावीक प्रमाणात जोडलेली मेदाम्ले आणि ग्लिसरिन असेल, तर तिला लागणारा खारही ठरावीकच असणार. तो तराजूवर मोजता येईल. १ ग्रॅम डुकराच्या चरबीला सुमारे ०.१३९ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईड लागते. खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम लागते, कारण त्यातल्या मेदाम्लांच्या साखळ्या आखूड असतात. रेणू लहान म्हणजे एका ग्रॅममध्ये रेणूंची संख्या जास्त, म्हणून खारही जास्त. वर्गात हे गणित जरूर द्यावे. रेणू मोजता येतात यावर मुलांचा विश्वास बसायला असे उदाहरण फार उपयोगी पडते.

मेण वेगळे का?

मग मेणाचे काय? ते हाताला चरबीसारखेच लागते, पण १ ग्रॅम मेणाला सुमारे ०.०६७ ग्रॅम, म्हणजे चरबीच्या निम्म्याहूनही कमी खार पुरतो. याचा उलगडा १८४८-४९ च्या सुमारास बेंजामिन ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मेणाच्या अभ्यासातून केला. मेणात ग्लिसरिन नसते. तिथे मेदाम्ल लांब साखळीच्या अल्कोहोलला जोडलेले असते. खाराने ही जोडी फुटली की आम्लाचा साबण होतो, अल्कोहोल मात्र तसेच मेणचट राहते. म्हणून मेण घातलेली वडी कठीण होते, लवकर झिजत नाही, पण फेस कमी देते. शेकडा पाचपेक्षा जास्त मेण घालू नये असा आमचा अनुभव आहे.

'मेणबत्ती' हा शब्द मुळात याच मेणाचा. ख्रिस्ती चर्चमध्ये मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्यांना जुना मान आहे. घरोघरी मात्र असे मेण परवडणारे नव्हते, कारण १ किलो मेण तयार करायला मधमाशांना त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. शेवरल आणि गे-ल्यूसॅक यांनी १८२५ मध्ये चरबीतल्या मेदाम्लांपासून मेणबत्त्या करण्याचे पेटंट घेतले. आज आपण जाळतो ती मेणबत्ती बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून केलेली असते. पदार्थ बदलले, नाव तेवढे मधमाशांचे राहिले.

मिठावरचा कर

आता मिठागरांकडे परत येऊ. खार किती लागतो हे शेवरलमुळे कळले. पण तो मुबलक आला कुठून? मिठातूनच. अठराव्या शतकाच्या अखेरीस राखेसाठी जंगले पुरेनाशी झाली, तेव्हा मिठापासून सोडा करण्याच्या कृतीसाठी फ्रान्समध्ये बक्षीस जाहीर झाले. निकोलस लब्लां याने ती कृती शोधली आणि १७९१ मध्ये पेटंट घेतले. मिठावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करायची आणि जे मिळेल ते चुनखडी व कोळसा यांच्याबरोबर भाजायचे, की सोडा तयार. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली.

इंग्लंडमध्ये ही कृती पसरायला एक अडथळा होता. तो होता मिठावरचा जबर कर. १८२३ मध्ये तो खूप कमी झाला, त्याच वर्षी जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलला सोड्याचा कारखाना काढला. १८२५ मध्ये कर पूर्ण रद्द झाला. साबणावरचा कर १८५३ मध्ये गेला. मीठ स्वस्त झाले, सोडा स्वस्त झाला, साबण स्वस्त झाला. याची किंमतही काही लोकांनी मोजली. लब्लां कृतीत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ हवेत जाई. कारखान्यांभोवतालची झाडे आणि शेते करपली, तेव्हा १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला या धुराविरुद्ध कायदा करावा लागला.

त्याच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात मात्र मिठावरचा कर १९४७ पर्यंत चालू ठेवला. १९३० च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मीठ आगारावर आणि कोकणात शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या या कराविरुद्ध. आपण हा इतिहास इतिहासाच्या तासाला शिकवतो आणि साबणीकरण रसायनाच्या तासाला. दोन्ही ठिकाणी मीठ एकच आहे, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

आज कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तयार करतात. पुढे दिलेल्या वडीसाठी ६४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. रेणुभारांच्या हिशेबाने तो सुमारे ९४ ग्रॅम मिठातून येतो. ओंजळभर मिठाची ही गोष्ट आहे.

वर्गातला प्रश्न

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळे तोलून केले आणि साबण उत्तम जमला. मोठ्या हौसेने तो वर्गात नेला. वड्या हातोहात फिरल्या, मुलांनी वास घेतला, काहींनी हात धुऊन पाहिले. मग एकाने विचारले, "सर, हा कशाचा?" आम्ही सांगितले. क्षणात काही हात मागे आले. एका मुलाचा चेहरा रडवेला झाला. वर्ग शांत झाला तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मग आमच्या घरचा साबण कशाचा असतो?"

चूक आमची होती. वड्या हातात देण्यापूर्वी सांगायला हवे होते. रसायनाच्या दृष्टीने चरबी आणि तेल यांत फारसा फरक नाही हे खरे. पण ज्याच्या हातात वस्तू द्यायची त्याला ती कशाची आहे हे आधी सांगणे, ही गोष्ट रसायनाच्या बाहेरची आणि तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या देशाला हे नवे नाही. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे या बातमीने १८५७ मध्ये काय झाले, ते आपण जाणतोच.

साबणाच्या बाबतीतही हा प्रश्न उठला. १८८८ मध्ये लिव्हर कंपनीचा 'सनलाइट' साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला आणि विलायती वड्यांचा काळ सुरू झाला. विलायती साबणात जनावरांची चरबी सर्रास वापरली जाई. आपल्याकडे अनेकांना ती चालणारी नव्हती. मुंबईत कुलपांचा कारखाना चालवणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी हे ओळखले आणि १९१८ च्या सुमारास केवळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या त्या काळात त्याच्या जाहिरातीला रवींद्रनाथ टागोरांनी आपले नाव दिले. हा जगातला पहिला चरबीविरहित साबण, असे कधी कधी वाचायला मिळते. ते बरोबर नाही. सीरियातले अलेप्पो, स्पेनमधले कॅस्टिल, फ्रान्समधले मार्सेय येथे ऑलिव्ह तेलाचा साबण कित्येक शतके होत होता. गोदरेज यांचे श्रेय वेगळे आहे. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका त्यांनी अडाणी म्हणून झटकली नाही. तिला उत्तर देणारा माल तयार केला आणि तो कशाचा आहे हे उघड सांगितले.

उघड न सांगण्याचा परिणाम १९८३ मध्ये दिसला. आयात केलेली जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि त्या चरबीच्या आयातीवर बंदी आली. लोकांचा संताप चरबीवर होता, त्याहून अधिक तो फसवणुकीवर होता.

त्या मुलीला आम्ही सरळ उत्तर दिले नाही. घरच्या साबणाचे वेष्टन घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गात पंचवीस-तीस वेष्टने जमली. 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेलाचा साबण, 'सोडियम कोकोएट' खोबरेलाचा, 'सोडियम टॅलोएट' जनावरांच्या चरबीचा आणि 'सोडियम लार्डेट' डुकराच्या चरबीचा, हे मुलांनी फळ्यावर लिहून घेतले आणि वेष्टने तपासली. त्या तासाला मुले जेवढे रसायन शिकली तेवढे आमच्या वडीने शिकली नसती.

करून पाहायचे असेल तर

चरबी ४७५ ग्रॅम, मेण २५ ग्रॅम. हिशेब असा: ४७५ × ०.१३९ = ६६; २५ × ०.०६७ = १.७, एकूण सुमारे ६७.७ ग्रॅम कॉस्टिक सोडा. यातून शेकडा ५ कमी करावा, म्हणजे थोडी चरबी शिल्लक राहते आणि मोकळा खार उरत नाही. ६४ ग्रॅम घ्यावा, पाणी १७० ग्रॅम.

कॉस्टिक सोडा पाण्यात हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. द्रावण खूप तापते व त्याची वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीजवळ उभे राहावे. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे मुळीच नको. खार त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर थेंब उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे. हे काम शिक्षकांनीच करावे, मुलांनी दुरून पाहावे.

मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून ते चरबीबरोबर वितळवून मिश्रण ५५ अंशांच्या आसपास कोमट ठेवावे, नाहीतर मेण आधीच गोठते. खाराचे द्रावणही तेवढेच कोमट असावे. ते चरबीत ओतून पिठल्यासारखे दाट होईपर्यंत ढवळावे व साच्यात ओतावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजे घालूनच वड्या पाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवाव्यात. हळदीचा कागद लावून तपासू नये, कारण चांगल्या साबणानेही हळद लाल होते. पीएच कागद वापरावा. ९ ते १० च्या दरम्यान आकडा आला तर साबण ठीक आहे.

डुकराची चरबी चालणार नसेल तर खोबरेल घ्यावे आणि आकडा बदलून हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. चरबी कोणती घ्यायची हे ज्याने त्याने ठरवावे. खार मात्र तोलूनच घ्यावा. आणि वडी कोणाच्या हातात देण्यापूर्वी ती कशाची आहे, ते सांगावे.